लोणारचा खार

अहमदनगरच्या चांदबिबीने १५९६ साली मोगलांशी तह केला आणि वऱ्हाड अकबराच्या पदरात पडलं. नवा मुलूख हाती आला की आधी त्याचा हिशेब लावावा लागतो. कुठला परगणा काय पिकवतो, कुठल्या गडावर पाणी आहे, सारा किती बसेल, हे अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्याच्या प्रकरणात नोंदवून ठेवलं. त्यात मेहकर सरकारातलं, म्हणजे सुभ्याच्या त्या विभागातलं, लोणार आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे निघतो, त्यावर सरकारला चांगलं उत्पन्न मिळतं, खाऱ्या पाण्याच्या जोडीला गोडं पाणीही इथेच आहे, अशा आशयाची ती नोंद. विवराचा अजस्र घेर, आतली झाडी, काठावरची देवळं यांचं वर्णन करत अबुल फजल थांबत नाही. त्याला दिसला तो खार. लोणार गावालाही शेकडो वर्षं आपल्या सरोवरात पहिल्यांदा तोच दिसत आला.

आज लोणारला जाणाऱ्या प्रवाशाला सांगितली जाते ती उल्केची गोष्ट. ती खरी आहे आणि थरारक आहे, यात वाद नाही. पण तिच्यात माणूस नाही. आकाशातून एक दगड आला, जमिनीत भोक पडलं, त्यात पाणी साठलं आणि मग थेट आपण कॅमेरा घेऊन काठावर उभे. मधल्या काळात या काठावर एक गाव राहत होतं, त्या गावाने या पाण्यातून पोट भरलं, त्याचा माल दूरदूरच्या रंगाऱ्यांच्या आणि बांगडीवाल्यांच्या भट्ट्यांपर्यंत गेला, हा भाग कुणी सांगत नाही. लोणारचा इतिहास लिहायचा तर त्या खारापासूनच लिहिला पाहिजे, असं मला वाटतं.

आधी जागा नीट समजून घेऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वऱ्हाड संपून मराठवाडा सुरू होतो त्या सीमेवर हे गाव आहे. पश्चिमेला सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मगाव. जमीन सपाट, काळी, पऱ्हाटी-तुरीची. त्या सपाटीत चालता चालता अचानक पायाखालची जमीन संपते आणि खाली सुमारे दीडशे मीटर खोल, जवळपास १.८ किलोमीटर रुंद वाडगा उघडतो. काठ आजूबाजूच्या रानापेक्षा थोडा उंचावलेला, आतल्या उतारावर झाडी, तळाशी हिरवट पाणी. गाव अगदी काठाला लागून आहे.

या वाडग्यात पाणी यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. पावसाचं पाणी आणि झरे भोवतालच्या काळ्या कातळातले क्षार विरघळवून खाली आणतात. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. हजारो वर्षं हे चाललं आहे. त्यामुळे इथलं पाणी समुद्रासारखं निव्वळ मिठाचं नाही. त्यात सोडा आहे, म्हणजे सोडियमचं कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, आणि त्यांच्या जोडीला मीठ. हाताला ते पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं.

आणि याच विवराच्या काठावर, धारेला, गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. भर उन्हाळ्यातही ती आटत नाही. खाली सरोवराच्या काठी कमळजादेवीच्या देवळासमोर एक विहीर आहे. तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. तिच्या एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं गावात सांगतात. सरोवराचं पाणी चढलं की विहीर बुडते, उतरलं की उघडी पडते. सरोवर किती भरलं आणि किती आटलं याची गावाची मोजपट्टी म्हणजे ही विहीर.

आता खार कसा निघत असे ते. चैत्र-वैशाखात पाणी उतरू लागलं की तळाशी आणि काठाच्या चिखलात क्षाराचे स्फटिक धरत. मजूर पाण्यात उतरत, चिखलावरचे थर हाताने सोडवत, काठावर आणून टाकत, वाळवत आणि प्रतवारी लावत. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत या मालाची गावठी नावं जपलेली आहेत: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. डल्ला हा प्रतवारीतला वरचा, खड्याचा माल, भुस्की म्हणजे भुगा. ज्या गावात एकाच वस्तूला पाच नावं असतात, तिथे ती वस्तू रोज हाताळली गेली असणार, तिचे पाच भाव ठरले असणार आणि त्या भावांवरून पाच भांडणंही झाली असणार. मोसम नेमका कडक उन्हाचा. पायाखाली चिखल, कुजल्यासारखा उग्र वास, खाराने चिरलेले हात-पाय आणि डोक्यावर माल घेऊन दीडशे मीटरचा चढ. या कामाची मजुरी किती होती हे कळून उपयोग नाही. ते कोणाच्या वाट्याला आलं असेल हे वऱ्हाडातल्या कुठल्याही माणसाला न सांगता कळेल.

सरोवर सरकारचं, खार काढण्याचा हक्क इजाऱ्याने दिलेला. इजारदार बदलत गेले तसे वरचे धनीही बदलत गेले. मोगल आले, मग निजाम आला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि ते ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ झालं. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. या साऱ्या उलथापालथीत खारावरचा सरकारी हक्क मात्र कुणी सोडला नाही.

माल जायचा कुठे, हे पाहिलं की वऱ्हाडचा जुना बाजार डोळ्यांसमोर उभा राहतो. वऱ्हाडात तेव्हा आलीची शेती होई. आल हे झुडूप; त्याच्या मुळांपासून लाल रंग निघे. पण तो रंग कापडावर असाच चढत नाही. आधी कापड तेल आणि खाराच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवावं लागतं, मग तुरटी, मग आलीचा काढा. तेव्हा कुठे धुतला तरी न जाणारा लाल रंग बसतो. लाल खारव्याचं कापड हे असं निघे. खार नसेल तर रंगारी अडला. बांगडीवाल्यालाही काच वितळवायला खार हवा, साबणवाल्याला तेलाशी मिसळायला हवा. आणि घराघरांतल्या उन्हाळी कामात, पापड लाटताना, पापडखाराची चिमूट हवीच. लोणारचं सरोवर असं रंगाऱ्याच्या हंड्यात, कासाराच्या भट्टीत आणि बाईच्या परातीत पोहोचलेलं होतं.

हे सगळं मोडलं ते एका पिढीत, आणि मोडणारा इकडे कधी फिरकलाही नाही. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वेने मीठ आणि चुनखडीपासून स्वस्त सोडा करण्याची रीत चालवून दाखवली. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत अलिझरिन तयार केलं. लाल रंग आता मुळांशिवाय मिळू लागला. त्याच सुमारास, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे भुसावळहून शेगाव, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्या कापसासाठीच ही गाडी आली. अकोला, अमरावती, खामगाव ही कापसाची मोठी ठाणी झाली. कापूस घेऊन गेलेल्या डब्यांतून परतीला डबाबंद रंग आणि पोत्यातला सोडा आला. आलीची शेती बसली, रंगाऱ्यांचे हंडे थंडावले. रेल्वेच्या वाटेपासून दूर राहिलेल्या लोणारच्या खाराला मग विचारतो कोण?

कापसाच्या भरभराटीची गोष्ट वऱ्हाडात खूप अभिमानाने सांगितली जाते. ती सांगताना तिच्याच उलट्या बाजूने बुडालेल्या धंद्यांची आठवण काढायला हवी. लोणारचा खार त्यांतलाच एक.

खाराच्या अलीकडे-पलीकडे या गावाचं आणखी एक आयुष्य होतं, देवाचं. पुराणांत या जागेला विरजतीर्थ म्हटलं आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीच्या पोटात राहत होता, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याच्या घराचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवलं, त्याला मारलं, आणि हे पाणी म्हणजे त्याचं रक्त, खार म्हणजे त्याचं मांस. झाकण दूर उडून पडलं तिथे टेकडी झाली. एका क्षणात जमीन उघडली आणि काहीतरी प्रचंड उडालं, एवढं या कथेने आधीच गृहीत धरलं होतं, हे मला नेहमी विलक्षण वाटत आलं आहे.

गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ हेमाडपंती. त्याचा पाया ताऱ्यासारखा कोनाकोनांचा, बाहेरच्या भिंती मूर्तींनी भरलेल्या, छतावर पुराणातले प्रसंग कोरलेले. गाभाऱ्यात दैत्यसूदन लवणासुराला पायाखाली घेऊन उभा आहे. मे महिन्यात काही दिवस सूर्याचा किरण थेट गाभाऱ्यात येतो; त्याचा किरणोत्सव होतो. एवढं काम एका आडवाटेच्या गावात कुणी आणि कशाच्या जोरावर उभारलं असेल, असा प्रश्न पडतो. तीर्थाच्या पुण्याईवर, हे उत्तर आहेच. पण ज्या गावाच्या पायाशी दरसाल पिकणारी खाराची खाण आहे, ते गाव राजाच्या आणि सावकाराच्या नजरेत राहणारच, हेही त्याला जोडून म्हणता येईल.

यादवांच्या काळात इथे महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी आले होते. ‘लीळाचरित्रा’त त्यांच्या लोणारच्या मुक्कामातल्या लीळा आहेत. तो ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपुरात सिद्ध केला, आणि रिद्धपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातलंच. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ वऱ्हाडात घडला आणि त्यात लोणार आहे, ही गोष्ट इथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवी. महानुभावांसाठी हे आजही कपाळाला माती लावून घेण्याचं ठिकाण आहे. विवराच्या आत-बाहेर पसरलेल्या देवळांपैकी कित्येक पडझडीला आली आहेत, पण कमळजादेवीला नवरात्रात माणसं विवर उतरून जातात, ते त्या ठिकाणाशी नातं जुनं म्हणूनच.

जगाला लोणार कळलं ते १८२३ मध्ये, जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची हकीकत लिहिली तेव्हा. त्यानंतरच्या विद्वानांना एकच कोडं पडलं: सपाट रानात एवढं गोल भोक आलं कुठून? सगळं दख्खनचं पठारच ज्वालामुखीच्या लाव्हाने बनलेलं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा हेही ज्वालामुखीचंच तोंड असणार, किंवा खाली कोंडलेल्या वाफेचा स्फोट असणार, असं बहुतेकांनी धरून घेतलं. त्या काळी हे धरणं वाजवी होतं. पण त्याचा एक परिणाम पार अमेरिकेत झाला. जी. के. गिल्बर्ट या नामवंत भूवैज्ञानिकाने अ‍ॅरिझोनातल्या मोठ्या विवराचा अभ्यास केला आणि १८९६ साली मत दिलं, की ते उल्केने झालेलं नसून वाफेच्या स्फोटाने झालेलं आहे. तुलनेसाठी त्याने लोणारचा दाखला घेतला होता. पुढे अ‍ॅरिझोनाचं विवर उल्केचंच ठरलं आणि मागाहून लोणारही. एकमेकांच्या साक्षीने दोघांनाही काही काळ चुकीच्या जातकुळीत बसवलं गेलं होतं.

१९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी लोणारवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. विवराच्या उगमाबरोबरच इथल्या क्षाराचा उगमही त्यांनी तपासला. पाण्याचा आणि चिखलाचा कस त्यांनी काढला, म्हणजे विज्ञान लोणारला पोहोचलं तेव्हाही त्याच्या हातात खारच होता. मला हा निबंध लोणारच्या दोन आयुष्यांमधला सांधा वाटतो. त्याच्या आधी लोक इथे खार न्यायला येत, त्याच्यानंतर दगड तपासायला.

उल्केचा प्रश्न धसाला लागला साठ-सत्तरच्या दशकांत. लाफोंड आणि डिट्झ यांनी १९६४ मध्ये हे विवर उल्केचं असावं, असा प्रश्नच शीर्षकात ठेवून लेख लिहिला. मग अपोलो मोहिमांनी चंद्रावरून बेसाल्ट आणला, आणि पृथ्वीवर बेसाल्टात पडलेलं विवर कुठे पाहायला मिळेल याचा शोध सुरू झाला. अशी विवरं पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत लोणारचं उत्तम टिकलेलं. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेड्रिक्सन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ यांनी इथे छिद्रं पाडून तळाखालचा खडक काढला. त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड धक्का बसला की त्याची अशी काच होते. ज्वालामुखीला ते जमत नाही. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला आणि वाद संपला. अबुल फजलच्या नोंदीतल्या काचेच्या मालाच्या गावाखाली उल्केने केलेली काच निघाली.

वय किती, यावर मात्र दोन अगदी दूरची उत्तरं आहेत. एका पद्धतीने ५२ हजार वर्षं आली, तर २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या मोजणीने ५ लाख ७० हजार. दुसरं उत्तर आज अधिक मानलं जातं.

विज्ञानाने लोणारला जगाच्या नकाशावर नेलं त्याच वेळी गावाचं आणि पाण्याचं उरलंसुरलं नातंही आकसत गेलं. विवराच्या आतल्या उतारावर, झऱ्यांच्या पाण्यावर, केळी आणि भाजीपाल्याची शेती होती. वेडी बाभूळ माजत होती, गावाचं सांडपाणी उतारानं आत जात होतं, आणि जे पाणी कोणत्याही पाण्यासारखं नाही ते बिघडत चाललं होतं. २००० मध्ये विवर आणि भोवतालचा भाग मिळून सुमारे ३.८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेल्या; सांडपाणी रोखा, वेडी बाभूळ काढा, अतिक्रमणं हटवा, असे आदेश निघत राहिले. यात चूक काहीच नव्हती. हे झालं नसतं तर सरोवर गेलंच असतं. पण ज्यांची केळीची बाग गेली, ज्यांचं काठावरचं धुणं बंद झालं, त्यांच्या हाती बदल्यात आलं ते फक्त पर्यटकांचं येणं-जाणं, हेही तितकंच खरं.

आणि पर्यटक इथे थांबतोच कुठे? वेरूळ-अजिंठा पाहून किंवा शेगावला गजानन महाराजांचं दर्शन करून तो लोणार ‘करतो’. काठावर उभा राहतो, फोटो काढतो, धारेला जातो, दैत्यसूदन पाहतो, दोन-तीन तासांत गाडीत बसतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि मेहकरजवळ उतरून लोणारला येणं आणखी सोपं झालं. परत जाणंही. गावात चहाच्या टपऱ्या, काही हॉटेलं, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आणि वाट दाखवणारी मंडळी आहेत. ही मंडळी चांगली आहेत. उल्का, खनिजं, पक्षी, देवळं, सगळं तोंडपाठ सांगतात. त्यांच्या सांगण्यात त्यांच्याच आज्या-पणज्यांचा खार यायला हवा, एवढीच माझी तळमळ आहे.

जून २०२०, टाळेबंदीचे दिवस. सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं आणि ती छायाचित्रं जगभर फिरली. अभयारण्य सांभाळणाऱ्या अकोला वन्यजीव विभागाने नमुने घेतले, ते नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. आघारकरच्या शास्त्रज्ञांना त्यात हॅलोआर्किया सापडले, म्हणजे अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं होतं, खार घट्ट झाला होता, म्हणून ते फोफावले. पाऊस पडला, पाणी पातळ झालं आणि रंग गेला. बातम्यांनी याला चमत्कार म्हटलं. जुन्या इजारदाराने पाहिलं असतं तर म्हणाला असता, यंदा खार चांगला धरणार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर करारातल्या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ही दुसरी जागा.

त्यानंतरचं चित्र नेमकं उलटं आहे. पाणी वाढत गेलं आणि कमळजादेवीच्या देवळापर्यंत चढलं. सासू-सुनेची विहीर बुडाली. पाणी पातळ होत गेलं तर त्यातला सोडा विरळ होणार, आणि त्या सोड्यावर जगणारे सूक्ष्मजीवही. ते गेले तर जगभरातले अभ्यासक ज्यासाठी येतात ते लोणारच राहणार नाही. हे पाणी कशाने वाढतंय, चांगल्या पावसाने, काठावरच्या जिवंत झालेल्या झऱ्यांनी की आजूबाजूच्या पाणलोट कामांनी, यावर आता तज्ज्ञ आणि न्यायालय दोघांचं लक्ष आहे.

या प्रश्नाशी खाराचा थेट संबंध आहे. पाणी किती उतरलं त्यावर खार किती धरला हे ठरत असे. ओल्या सालात माल थोडा, कोरड्या सालात मुबलक. म्हणजे खाराच्या इजाऱ्याचे जमाखर्च, मेहकर तहसिलातले सारा-कागद, गॅझेटियरांतली आकड्यांची कोष्टकं, हे सारं त्या सरोवराच्या पातळीचंच टिपण आहे, उपग्रह येण्याच्या फार आधीचं. कुठल्या वर्षी विहीर उघडी पडली होती आणि कुठल्या वर्षी देवीच्या पायरीला पाणी लागलं होतं, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही सांगता येतं. लोणारचं पाणी किती असावं हे ठरवायला जी समिती बसेल, तिने आधी ती दप्तरं सोडावीत आणि या माणसांना बोलावून, चहा देऊन, समोर बसवून विचारावं.